मांड्यांची वेबसाइट: स्वतःचं पान स्वतः उभं करायचं कसं

"वेबसाइट करून देतोस काय रे? किती घेणार?"

बेळगावात शहापूर, वडगाव, टिळकवाडी, कुठंही गेलो तरी हा प्रश्न येतोच. त्याच्या आधी यायला पाहिजे तो प्रश्न मात्र कुणी विचारत नाही: वेबसाइटचं नाव कुणाच्या खात्यावर घ्यायचं?

आमच्या ओळखीचे एक साडीवाले काका आहेत. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पोरानं त्यांना वेबसाइट करून दिली. कामाला पोरगा चांगला होता, पण नाव, होस्टिंग (साइट ठेवायची जागा), ईमेल सगळं त्यानं स्वतःच्याच खात्यावर घेतलं. पुढं तो बेंगळुरूला नोकरीला लागला, नंबर बदलला. एक दिवस गडहिंग्लजच्या गिऱ्हाईकाचा फोन आला, "काका, तुमच्या साइटवर जुगार चालू झालाय वो." नावाची मुदत संपली होती आणि दुसऱ्याच कुणीतरी ते उचललं होतं. काकांच्या दुकानात तोच पत्ता छापलेल्या चार हजार पिशव्या शिल्लक होत्या. त्या पिशव्यांवर पत्त्याच्या जागी स्टिकर चिकटवायला मीही बसलो होतो.

तेव्हा वेबसाइट करा, स्वतः करा, नाहीतर कुणाकडून करून घ्या, पण किल्ल्या तुमच्या हातात पाहिजेत. खालचं सगळं त्या हिशेबानंच लिहिलंय. उदाहरण म्हणून माझ्या आत्याची साइट घेतो, कारण तिथल्या सगळ्या चुका माझ्याच आहेत.

आधी वही

आत्या खानापूरला असते आणि लग्नाच्या ऑर्डरीचे मांडे करते. बेळगावकडच्या वाचकाला मांडे सांगायला नकोत. बाकीच्यांसाठी सांगतो: कणीक हातावर ताणत ताणत कागदासारखी करायची, उपड्या कढईवर टाकायची, आत साखर घालून घडी घालायची. रुखवतात मांडे नसले तर इकडं अजून नाकं मुरडतात.

तिनं वेबसाइटचं काढल्यावर मी संगणक उघडलाच नाही. तिला म्हटलं, आठ दिवस वही घेऊन बस आणि फोनवर लोक काय विचारतात तेवढं लिही. वहीत आलं ते असं: एक मांडा केवढ्याला? किती दिवस टिकतात? लग्नाच्या किती दिवस आधी सांगायचं? कोल्हापूरला पोचते होतील काय? मोडले तर? तुमचं घर नेमकं कुठं?

सहा प्रश्न. तिची वेबसाइट म्हणजे या सहा प्रश्नांची उत्तरं, चार फोटो आणि एक व्हॉट्सॲपचं बटण. "आमच्याविषयी", "आमचं ध्येय", "आमची दृष्टी" असली पानं कुणी वाचत नाही. उद्यमबागेतला फाउंड्रीवाला असो, निपाणीतला लॉजवाला असो की जांबोटीकडचा होमस्टेवाला, प्रत्येकाचे असेच पाच-सहा प्रश्न असतात. फाउंड्रीवाल्याला विचारतात किती किलोपर्यंतचं कास्टिंग करता, होमस्टेवाल्याला विचारतात पावसात रस्ता चालू असतो काय. ती वही झाल्याशिवाय पुढची पायरी चढू नका.

नाव घेणं

वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, विकत मिळत नाही, भाड्यानं मिळतं. जमिनीच्या उताऱ्यावर नाव चढलं की निवांत, तसं इथं नाही. दरवर्षी भाडं भरायचं. एकदम भरायचं म्हटलं तर जास्तीत जास्त १० वर्षांचं भरता येतं. नाव देणाऱ्या कंपनीला रजिस्ट्रार म्हणतात, आणि तिच्या संकेतस्थळावर खातं उघडून दहा मिनिटांत नाव घेता येतं. करून देणारा कुणीही असू दे, ते खातं तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या मोबाइल नंबरवर उघडायचं. त्याला पासवर्ड द्या, काम झालं की बदला.

नाव कसलं घ्यावं? माझी एकच परीक्षा आहे. फोनवर समोरच्याला नाव एकदाच सांगायचं. त्यानं बरोबर लिहिलं तर घ्यायचं. आडव्या रेघा आणि आकडे असले की माणूस चुकतोच. आपल्याकडं आणखी एक भानगड आहे. बेळगावचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, पण पुण्या-मुंबईचा माणूस रोमनमध्ये अजून जुनंच स्पेलिंग टाईप करतो. डोमेनमध्ये गावाचं नाव घातलंत तर निम्मे लोक एका स्पेलिंगनं येणार, निम्मे दुसऱ्या. एक तर गावाचं नाव घालू नका, नाहीतर दोन्ही नावं घेऊन एक दुसऱ्याकडं वळवा. आत्याच्या वेळी आम्ही गावाचं नाव टाळलं.

डॉट कॉम की डॉट इन? धंदा इथलाच असेल तर डॉट इन पुरतं. डॉट भारतमध्ये २०१४ पासून देवनागरी नावही घेता येतं. दिसायला झकास, पण अजून कितीतरी फॉर्म आणि ईमेलच्या पेट्या असला पत्ता बघितला की अडखळतात. हौस असेल तर दुसरं नाव म्हणून घ्या, मुख्य नको.

भाव बघताना पहिल्या वर्षाचा आकडा बघून भुलू नका. नूतनीकरणाचा दर बघा, तो बारीक अक्षरांत खाली लिहिलेला असतो. साधं नाव वर्षाला हजार रुपयांच्या आतबाहेर पडतं. घेताना सोबत दहा गोष्टी गळ्यात मारायला बघतात. खूण केलेल्या चौकटी एकेक करून काढा.

नाव घेतल्यावर ईमेलची खात्री करायला एक मेल येते. डॉट कॉमसारख्या नावांना १५ दिवसांत त्यातल्या दुव्यावर दाबलं नाही तर साइट बंद पडते. मेल स्पॅममध्ये जाऊन बसलेली असते आणि आपण म्हणतो, कालपर्यंत तर चालत होती. पुढचे काही दिवस "सर, वेबसाइट डिझाइन?" म्हणून फोन येत राहतील, ते सोडून द्या. "तुमच्या नावाची मुदत संपतेय, इथं पैसे भरा" असल्या मेलवर तर कधीच दाबू नका. आपण स्वतः रजिस्ट्रारच्या साइटवर जाऊन तारीख बघायची.

आपोआप नूतनीकरण लावलंय म्हणून झोपूही नका. ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप पैसे कापण्याचे रिझर्व्ह बँकेचे नियम कडक झाले. बाहेरच्या देशातल्या कंपनीकडं नाव असेल तर पैसे पुष्कळदा कापलेच जात नाहीत. मुदत संपल्यावर बहुतेक रजिस्ट्रार थोडे दिवस नेहमीच्या दरानं भरू देतात. त्यानंतर डॉट कॉमला ३० दिवस जबर दंड भरून सोडवायची सोय असते, आणि मग नाव मोकळं. चांगलं नाव त्याच्या आधीच लिलावात जाऊ शकतं. म्हणून मी तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरा म्हणतो.

जागा कुठली घ्यायची

नाव म्हणजे पाटी, होस्टिंग म्हणजे गाळा. तीन वाटा आहेत.

पहिली वाट तयार साइट देणाऱ्या कंपन्यांची. चित्रं ओढून ठेवायची, महिन्याला पैसे भरायचे. सोपी आहे, पण सोडून जाताना सामान बरोबर नेता येत नाही. फुकटचं तर आणखी अवघड. गुगलच्या बिझनेस प्रोफाइलमधून (नकाशावर दिसणारी दुकानाची नोंद) फुकट वेबसाइट निघायची, गणपत गल्लीपासून खानापूरपर्यंत कितीतरी दुकानांनी ती काढली होती. मार्च २०२४ मध्ये गुगलनं ती सोय बंद केली. काहींच्या व्हिजिटिंग कार्डावर तो पत्ता अजून छापलेला दिसतो.

दुसरी वाट वर्डप्रेसची. २००३ पासून असलेलं हे मोफत सॉफ्टवेअर, जगातल्या दहातल्या चार साइट तरी त्यावर चालतात. त्यासाठी शेअर्ड होस्टिंग, म्हणजे एकाच संगणकावर पुष्कळ साइटींना भाड्यानं दिलेली जागा, घ्यावं लागतं.

तिसरी वाट साध्या फाइलींची, म्हणजे स्टॅटिक साइट. मागं डेटाबेस नाही, लॉगिन नाही, नुसती पानं. फोडायला (हॅक करायला) फारसं काही नसल्यामुळं सहसा फुटतही नाही.

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. आठवड्याला काही नवीन टाकणार असाल तर वर्डप्रेस. वर्षातून चार वेळा दर बदलणार असाल तर साध्या फाइली. छोट्या दुकानदारांतले दहातले आठ असे वर्षातून चार वेळावालेच असतात आणि त्यांच्या गळ्यात वर्डप्रेस बांधलेलं असतं. दोन वर्षं कुणी अपडेट करत नाही, आणि मग एक दिवस साइट उघडली की जपानी औषधांच्या जाहिराती.

घरच्याच संगणकावर साइट ठेवू काय, असं एखादा हौशी पोरगा विचारतो. शिकायला ठेव की. पण बहुतेक इंटरनेटवाले एकच पत्ता पुष्कळ घरांना वाटून देतात, त्यामुळं बाहेरून तुझ्या घरापर्यंत सरळ पोचता येत नाही. वरून पावसाळ्यात खानापुरात वीज किती वेळ असते ते तुला माहीतच आहे.

आत्याचं पान कसं चढवलं

आत्यासाठी साध्या फाइलींची वाट धरली. क्लाउडफ्लेअर पेजेसवर असली साइट फुकट ठेवता येते, कार्डही मागत नाहीत. नेटलिफायवरही जमतं. गिटहब पेजेसही फुकट आहे, पण धंद्याची किंवा विक्रीची साइट तिथं चालवायला त्यांच्या नियमात परवानगी नाही. पोर्टफोलिओला, कवितांना ते झकास.

संगणकावर एक फोल्डर केला. त्यात मुख्य पान. त्या फाइलचं नाव रोमन लहान लिपीत "इंडेक्स डॉट एचटीएमएल" असंच पाहिजे, दुसरं काही ठेवलंत तर पत्ता उघडल्यावर पान सापडत नाही. आत काय लिहायचं ते आजकाल एखाद्या एआयला सांगितलं की मिळतं. घ्या, त्यात लाज कसली. पण तीन गोष्टी स्वतः तपासा. वरच्या भागात अक्षरांची पद्धत यूटीएफ-८ लिहिलेली पाहिजे, नाहीतर मराठीचा भाजीपाला होतो. "व्ह्यूपोर्ट"ची ओळ पाहिजे, नाहीतर मोबाइलवर सगळं मुंगीएवढं दिसतं. आणि पानाची भाषा "एमआर" म्हणजे मराठी सांगितलेली पाहिजे. ती सांगितली की काही फॉण्ट ल आणि श आपल्या मराठी वळणाचे दाखवतात, हिंदी वळणाचे नाहीत. आत्याला फरक कळला नाही, मला कळला.

मग फोटो. मोबाइलचा एक फोटो तीन-चार एमबीचा असतो. असले चार फोटो टाकले तर कणकुंबीच्या रेंजमध्ये पान उघडेपर्यंत लग्न होऊन वरात येईल. रुंदी १२०० पिक्सेलपर्यंत आणा, वेबपी प्रकारात साठवा, दीडशे-दोनशे केबीत बसवा. स्क्वूश नावाचं मोफत साधन ब्राउझरमध्येच हे करून देतं. फोटो मांड्यांचे असले तरी मोबाइल त्यात घराचं लोकेशन लपवून ठेवतो, लहान करताना तेही पुसलं जातं. अन् फोटो खिडकीजवळ, सकाळच्या उजेडात काढा. ट्यूबलाइटखाली मांडा पिवळट पापडासारखा दिसतो. आम्ही दोनदा काढले.

क्लाउडफ्लेअरच्या पानावर फोल्डर ओढून टाकला, मिनिटभरात एक तात्पुरता पत्ता मिळाला. आनंद झाला, पण मोठ्या फोटोच्या जागी फुटलेली चौकट. माझ्या संगणकावर तर दिसत होता! अर्धा तास डोकं खाजवलं. फाइलच्या नावाचं शेवटचं "जेपीजी" मोठ्या लिपीत होतं आणि पानात मी लहान लिपीत लिहिलं होतं. विंडोजला दोन्ही सारखंच; सर्व्हरला, म्हणजे साइट ठेवलेल्या संगणकाला, नाही. तेव्हापासून सगळ्या फाइलींची नावं रोमन लहान लिपीत, मध्ये मोकळी जागा न सोडता.

राहिलं नाव जोडायचं. क्लाउडफ्लेअर दोन नेमसर्व्हर (नावावरून साइटची जागा सांगणारे संगणक) देतं. रजिस्ट्रारच्या खात्यात जाऊन जुने नेमसर्व्हर काढायचे, हे दोन घालायचे. कधी दहा मिनिटांत होतं, कधी दिवस जातो. मधल्या वेळात तुमच्या मोबाइलवर दिसतं, शेजाऱ्याच्या नाही. घाबरून परत परत बदलू नका, त्यानं आणखी घोळ होतो. मग पेजेसमध्ये "कस्टम डोमेन" म्हणून आपलं नाव टाकायचं. कुलपाची सोय, म्हणजे एचटीटीपीएस, आपोआप लागते. ती नसली तर जुलै २०१८ पासून क्रोम पत्त्याशेजारी "सुरक्षित नाही" लिहून ठेवतो, आणि गिऱ्हाईक तेवढंच वाचतं.

मराठीच्या भानगडी

एक दुखणं खास आपल्याकडचं. दुकानदार म्हणतो, "मजकूर तयार आहे की, पत्रक छापलंय." डीटीपीवाल्याकडून फाइल येते, चिकटवली की रोमन अक्षरं, कंस, टिंबं यांची भेळ. कारण पत्रक युनिकोडच्या (अक्षरं सगळीकडं सारखी चालणारी पद्धत) आधीच्या पद्धतीच्या फॉण्टमध्ये केलेलं असतं. त्यात मराठी हे नुसतं चित्र असतं, आत अक्षरं इंग्रजीच. कन्नड पत्रकांचंही असंच होतं. रूपांतर करून देणारी मोफत साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार चुकतात. मजकूर पानभराचाच असेल तर मोबाइलवर मराठी कीबोर्ड लावून, नाहीतर बोलून, नव्यानं टाईप करणं लवकर होतं.

युनिकोडमध्येही एक खोच आहे. "दुसऱ्या", "वाऱ्यावर" यातला अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. दिसायला सारखाच, आत वेगळा. एकदा पानभर "ऑर्डर करणाऱ्यांनी" असं शोधलं तर सापडेना, समोर दिसत असताना. दोन माणसांनी दोन कीबोर्डवर लिहिलं होतं. एकाच कीबोर्डवर लिहा, एवढंच.

पानांचे पत्ते रोमनमध्ये ठेवा. वर्डप्रेसमध्ये मराठी मथळा दिला की पत्ताही मराठी होतो, आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना त्याचं टक्क्यांचं आणि आकड्यांचं शेपूट तयार होतं. एका देवनागरी अक्षरचिन्हाला नऊ रोमन खुणा लागतात. वर्डप्रेस पत्ता २०० खुणांवर कापतं, म्हणजे काना-मात्रा धरून बावीसेक चिन्हांत तुमचा मथळा संपला.

भाषा किती ठेवाव्यात? इथं वाद नको, हिशेब बघा. आत्याची गिऱ्हाइकं खानापूर-चंदगडची, कोल्हापूरची, गोव्याची, शिवाय धारवाड-हुबळीची. मराठी मुख्य, कन्नड आणि इंग्रजी एकेक पान. प्रत्येक भाषेचा पत्ता वेगळा ठेवायचा आणि वर तिन्हीकडं जायला दुवे द्यायचे. कन्नड पान शेजारच्या अक्कांनी बसून लिहून दिलं. इंग्रजी पान मी यंत्राकडून करून घेतलं आणि न वाचता चढवलं. आत्याच्या मुलीचा पुण्याहून फोन, "दादा, आई मांड्या विकते काय?" मांडे आणि मांडी, दोन्हींच्या अनेकवचनाला "ची" लावलं की होतं "मांड्यांची". यंत्रानं दुसरं उचललं होतं आणि पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, लग्नासाठी ताज्या "थाईज" ऑर्डरप्रमाणे मिळतील. तीन दिवस होतं ते.

ऑर्डर, पैसे आणि कायद्याचं थोडं

आत्याला लोकांनी सल्ला दिला, ऑनलाइन दुकान काढ, कार्ट लाव. मांडा कुरिअरनं गेला तर पोचतो त्याचा भुगा. तिला पाहिजे होतं ते एवढंच की माणसानं तारीख आणि नग सांगावे. त्याला व्हॉट्सॲपचा दुवा पुरे. "डब्ल्यूए डॉट एमई", मग तिरकी रेघ, मग ९१ आणि पुढं दहा आकडी नंबर. आधी शून्य नको, अधिकचं चिन्ह नको. त्याच दुव्यात तयार वाक्यही घालता येतं. आत्याचं आहे: "लग्नाची तारीख, गाव, किती मांडे." लोक तेवढंच भरून पाठवतात. संपर्काचा फॉर्म लावला नाही. फॉर्मच्या मेल स्पॅममध्ये जातात आणि रिकाम्या फॉर्मवर रोबोट येऊन बसतात.

आगाऊ रकमेसाठी यूपीआयचा क्यूआर साइटवर टाकू नका, ऑर्डर ठरल्यावर व्हॉट्सॲपवर पाठवा. साइट कुणी फोडली आणि क्यूआर बदलला तर तुमचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात. पेमेंट गेटवे (साइटवरच पैसे घेऊन देणारी सेवा) लावायचाच असेल तर तो दर व्यवहाराला साधारण दोन टक्के आणि वर जीएसटी घेतो. शिवाय परतावा, गोपनीयता, अटी आणि पत्ता ही पानं साइटवर असल्याशिवाय खातं चालू करत नाही.

सीमेवरच्या माणसानं एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बेळगावचा जीएसटी नंबर २९ नं सुरू होतो, कोल्हापूरचा २७ नं, गोव्याचा ३० नं. शिनोळी ओलांडली की राज्य बदललं. दुकानात बसून विकताना उलाढालीची मर्यादा असते, पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायला लागलात की त्या मर्यादेची सवलत राहत नाही, जीएसटी नोंदणी लागते. हस्तकलेच्या काही वस्तूंना सूट आहे. "आम्ही कोल्हापूरला पाठवतो" असं साइटवर लिहायच्या आधी आपल्या कर सल्लागाराला एक फोन करा. खायची वस्तू असेल तर एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) १४ आकडी नंबर पानाच्या तळाशी घाला. ऑनलाइन विक्री करत असाल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे धंद्याचं खरं नाव, पत्ता आणि तक्रारीसाठी माणूस हे सगळं दिसलं पाहिजे.

लोकांना सापडणं

साइट चढवली म्हणजे गुगलला कळलं असं नाही. गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये (साइट गुगलला कळवायची जागा) नाव नोंदवा, मालकीची खात्री म्हणून एक ओळ डीएनएसमध्ये (नावाच्या नोंदींत) टाकायला सांगतील, ती टाका. बिझनेस प्रोफाइल वेगळं काढा, ते अजून फुकटच आहे. नकाशावरची खूण स्वतः जाऊन, दारात उभं राहून लावा. घरी बसून लावली तर गिऱ्हाईक मागच्या गल्लीत जाऊन शिव्या देतं. मजकुरात शहराचं नाव एकदा मराठीत आणि दोन्ही रोमन स्पेलिंगांनी सहज येऊ द्या. पत्ता, पिनकोड, फोन साइटवर आणि प्रोफाइलवर अक्षरशः एकसारखा पाहिजे. पहिल्या पानावर आणून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

वर्डप्रेस घेतलंच असेल तर

होस्टिंग घेताना सर्व्हर मुंबईचा निवडा, बेळगावातून पान पटकन उघडतं. इथंही नूतनीकरणाचा दर आधी विचारा, दुसऱ्या वर्षी दुप्पट-तिप्पट होतो. एसएसएल, म्हणजे तीच कुलपाची सोय, फुकट मिळतं, त्याला वेगळे पैसे मागणाऱ्याला नमस्कार करा. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं मोफत प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं आणि होस्टिंगवाला ते आपोआप बदलतो. बदललं नाही तर एका सकाळी साइटवर लाल इशारा.

वापरकर्त्याचं नाव "ॲडमिन" ठेवू नका, दोन टप्प्यांचं लॉगिन लावा, प्लगइन (वरून जोडायच्या सोयी) मोजके ठेवा. पैशाची थीम (साइटचा तयार साचा) फुकट देतो म्हणून कुणी फाइल पाठवली तर घेऊ नका. चोरीच्या थीमच्या पोटात बहुतेक वेळा दुसऱ्याची किल्ली असते. अपडेट करायच्या आधी बॅकअप, आणि तो बॅकअप त्याच सर्व्हरवर नाही, तुमच्या ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर. बॅकअप परत लावून बघितल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणू नका. एका हार्डवेअरवाल्याकडं तीन वर्षांचे बॅकअप निघाले, सगळे शून्य केबीचे.

राखण

तारखा लक्षात राहत नाहीत, म्हणून मी सण धरतो. अमावास्येला दुकानावरचं लिंबू-मिरची बदलता, त्याच दिवशी साइट मोबाइलवर उघडा. वायफाय बंद करून, मोबाइलच्या डेटावर. व्हॉट्सॲपचं बटण दाबून बघा, दर बरोबर आहेत काय बघा, वर्डप्रेस असेल तर अपडेट करा. सगळं मिळून दहा मिनिटं. मधल्या दिवसांत साइट पडली तर कळावं म्हणून साइटवर नजर ठेवणारी एखादी सेवा लावा, ती दर थोड्या मिनिटांनी बघते आणि बंद दिसली तर मेल टाकते.

खंडेनवमीला हत्यारं पुसतो, त्या दिवशी मोठं काम. पासवर्ड बदला, पूर्ण बॅकअप घ्या, नावाची मुदत बघा, रजिस्ट्रारकडं नोंदवलेला मोबाइल नंबर अजून चालू आहे काय बघा. शेवटचं विसरू नका. नंबर बंद पडलेला असला तर ओटीपी येत नाही, आणि ओटीपी नाही म्हणजे स्वतःच्या दारात स्वतः उपरे.

हे सगळं एका कागदावर लिहून घरात ठेवा: नाव कुठून घेतलं, कुठल्या ईमेलवर, साइट कुठं ठेवलीय, मुदत कधी संपते. पासवर्ड त्याच कागदावर नको, पण ते कुठं आहेत हे घरातल्या आणखी एकाला माहीत पाहिजे.

आत्यानं तो कागद केला नाही. तिच्याकडं किराणा हिशेबाची वही असते, शेवटच्या पानावर गॅसचा ग्राहक क्रमांक, दूधवाल्याचं गणित आणि तिच्या सासऱ्यांच्या श्राद्धाची तिथी. त्याच्याच खाली तिनं बॉलपेननं लिहिलंय: "मांड्यांचं नाव, जून २०२८ ला भरायचं." आणि त्याच्याखाली, दोनदा अधोरेखित: "भाचा नसला तरी."